रफार नसलेलं हेल्मेट

हेल्मेट उचललं आणि घारू थबकली. ते हलकं होतं.

ती नुकतीच दाताच्या डॉक्टरकडून खाली उतरली होती. अर्धा गाल बधिर, जीभ जड, बाहेर भुरभुर पाऊस. पार्किंगमध्ये तिची स्कूटर जागच्या जागी होती. आरशावर हेल्मेटही होतं... तसंच काळं, तशीच लाल किनार, तशीच धुरकट काच. दुसऱ्या कुणाला काही कळलंही नसतं. तिला मात्र हातात घेताक्षणी कळलं, की हे आपलं नाही.

म्हणजे... आपलंच आहे. आपल्या कारखान्यातलं.

तिचं स्वतःचं हेल्मेट ‘निर्धोक’ कंपनीचं होतं. नावाजलेलं, दणकट. आणि आत्ता हातात होतं ते ‘निधोक’, तिच्या बाबांच्या कारखान्यात तयार झालेलं. नावात फरक फक्त एका रफाराचा. त्या जागी एक तिरकी लाल रेघ होती. सहज बघणाऱ्याला तो रफार वाटावा, आणि कुणी हटकलंच तर ‘छे हो, ही नुसती नक्षी’ म्हणता यावं, अशी. ती रेघ घारूनेच काढली होती. तिचं अक्षर सुरेख, म्हणून स्टिकर, खोकी, सगळं तिच्याच हातचं.

“अहो... थांबा, थांबा! जाऊ नका!”

तिच्याच रंगाची एक स्कूटर वळणावरून आत आली. चालवणारा डोक्यापासून भिजलेला, आणि हेल्मेट मात्र मांडीवर, सांभाळून धरलेलं.

“तुमचं हेल्मेट मी पळवलं,” तो धापा टाकत म्हणाला. “पण चोर नाही हं मी. दोन्ही खाली पडली होती, उचलून अडकवताना गल्लत झाली. चौकापर्यंत गेलो, मग लक्षात आलं... आतून शाम्पूचा वास येतोय. माझ्या हेल्मेटला आजवर फक्त माझाच वास आलाय.”

घारू हसायला गेली, पण अर्धंच तोंड हसलं.

“रागावलात?”

“नाई... डाट.”

“काय?”

“डाट काडला.”

“अच्छा, दात!” तो इतका मोकळा हसला, की तिचा उरलेला अर्धा गालही लाल झाला. “मग बोलू नका. मी बोलतो. हे तुमचं, ते माझं. करायची अदलाबदल?”

त्याने हात पुढे केला. ओली, लांब बोटं. घारूने हलकं हेल्मेट पोटाशी घट्ट धरलं.

“ते... लाहू डे टुमाला.”

“राहू दे? शाम्पूसकट?” त्याचे डोळे मिश्कील झाले. “मन मोठं आहे तुमचं. पण नको. माझं मला ताईने दिलंय, नोकरी धरली तेव्हा. ‘निर्धोक’ डोक्यावर असल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, अशी तिची ताकीद आहे.”

सांग, सांग ना... घारूचं मन ओरडत होतं. पण पार्किंगमधल्या अनोळखी माणसाला, बधिर तोंडाने, काय सांगायचं? की तुमच्या ताईला फसवणारं अक्षर माझं आहे?

तिने हेल्मेट दिलं. त्याने घातलं, पट्टा लावला, दोन बोटं कपाळाला लावून सलाम ठोकला आणि पावसात निघून गेला. ती कोपऱ्यापर्यंत त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. त्या काळ्या टरफलाच्या आत काय असतं, तिला माहीत होतं. टीव्हीच्या खोक्यात भरतात तसलं थर्माकोल. बोटाने दाबलं तरी खळगा पडतो.

चेहरा का पडलाय विचारल्यावर, भूल उतरली म्हणून हिरडी ठणकतेय, असं तिने घरी सगळ्यांना सांगितलं.

*

बाबांचा कारखाना म्हणजे घरामागची लांबट शेड. पूर्वी तिथे बादल्या व्हायच्या. टोपल्या, टब, कुंड्या... प्लास्टिकचं जे म्हणाल ते. मग मोठ्या दुकानांतून रंगीबेरंगी माल यायला लागला आणि बाबांच्या बादल्या शेडमध्येच एकमेकींत बसून राहिल्या. तेव्हा एक घाऊक व्यापारी आला. “बादलीच करायची, फक्त उलटी,” तो म्हणाला होता. बाबांनी बाजारातून एक खरं ‘निर्धोक’ नमुना म्हणून आणलं, त्यावरून साचा केला, आणि काम झाल्यावर ते खरं हेल्मेट घारूला देऊन टाकलं.

“तू हे घालत जा,” एवढंच म्हणाले होते.

का, ते घरात कुणी विचारलं नाही. बाबा आपल्या मालाला कधी नकली म्हणत नसत. ‘आपलं हेल्मेट’ म्हणत. “प्लास्टिक ते प्लास्टिक, त्यात भेद काय?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बोलताना मात्र ते नेहमी दुसरीकडे बघत.

घरात तिसरी व्यक्ती म्हणजे आत्या. बाबांची थोरली बहीण. घारूची आई गेल्यापासून घर तिनेच ओढलेलं. ही आत्या एके दिवशी सकाळी चहाचा कप ठेवून म्हणाली, “मी स्कूटर शिकणार.”

“या वयात?” बाबा म्हणाले.

“मग काय पुढच्या जन्मात? मैदानावर वर्ग भरतो बायकांचा. माझ्या मैत्रिणीने चालवली परवा. ती चालवते, तर मी विमान चालवेन. घारू, तू चल माझ्याबरोबर. पडले तर उचलायला.”

घारू गेली. मैदानावर गाडी वळवायला शिकण्यासाठी प्लास्टिकचे नारिंगी सुळके ओळीने मांडले होते, कडेला चार-पाच मध्यमवयीन बायका कंबर कसून उभ्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध, गळ्यात शिट्टी अडकवून...

“दात कसा आहे?” त्याने विचारलं.

आत्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “ओळख आहे वाटतं?”

“आमची हेल्मेटं एकमेकांना ओळखतात,” तो म्हणाला.

सगळ्या बायका त्याला मास्तर म्हणत. मास्तर कधी ओरडत नसे. “नजर लांब ठेवा,” एवढंच म्हणत स्कूटरच्या मागून धावत राही. “चाकाकडे बघाल तर चाकाखाली जाल. लांब बघा, गाडी आपोआप सरळ जाते.”

“मास्तर, ही गाडी माझ्या मिस्टरांसारखी आहे हो,” एक बाई ओरडायची, “ढकलल्याशिवाय हलतच नाही!”

“आणि एकदा हलली की थांबत नाही!” दुसरी.

आत्या पहिल्याच आठवड्यात कुंपणावर गेली, पण शिव्या कुंपणालाच घातल्या. घारूला मग रोजच जावं लागलं. म्हणजे... जावं लागतं असं ती बाबांना सांगायची. मैदानाच्या कडेला, वर्ग संपल्यावर, दोघं टपरीवरचा चहा घेत उभी राहात.

“सगळे घारू का म्हणतात तुम्हाला?”

“डोळे घारे आहेत म्हणून. लहानपणापासून.”

“बघू?” तो जरासा वाकला. एवढ्या जवळून कुणी तिच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. तिने चटकन पापण्या मिटल्या. “मिटलेत तर कळणार कसं?”

“चहा गार होतोय तुमचा.”

“होऊ दे की...”

तो निघाला, की मात्र तिची नजर त्याच्या डोक्यावरून हटत नसे. तो हेल्मेट चढवी, काच खाली ओढी, मोठ्या रस्त्याला लागे. त्या रस्त्यावर ट्रक होते, वाळूच्या गाड्या होत्या, आणि त्याच्या डोक्याभोवती बाबांचं पातळ प्लास्टिक होतं.

“घरी पोहोचलात की कळवा,” एकदा तिच्या तोंडून निघून गेलं.

“मी?” त्याला गंमत वाटली. “मी गाडी शिकवतो लोकांना.”

“तरी.”

मग रोज मेसेज यायचा. ‘पोहोचलो.’ नुसता एक शब्द. मग ‘पोहोचलो, मॅडम.’ मग ‘पोहोचलो. वाटेत एका कुत्र्याने घारू म्हणून हाक मारली असं वाटलं.’ ती हसायची, आणि तेवढ्यापुरती निश्चिंत व्हायची. उशीर झाला, तर भाजी चिरताना बोट कापायचं, स्टिकरची अक्षरं वाकडी जायची. प्रेमात माणूस काळजी करतो म्हणतात. घारूला काळजी आधी लागली होती, आणि तिच्या आडून दुसरं काय काय आत शिरलं ते कळलंच नाही.

तिने वाटा शोधून पाहिल्या. एकदा नवीन हेल्मेट भेट म्हणून घेऊन गेली... दुसऱ्या कंपनीचं, निळं.

“हे काय? माझ्या हेल्मेटात काही खोट आहे का?” तो म्हणाला. आता ते एकमेकांना अरे-तुरे करत होते.

“निळा रंग शोभेल तुला.”

“शोभेल. पण ताई विचारेल, माझं कुठे टाकलंस? तिला काय सांगू?” त्याने निळं हेल्मेट तिच्या हातात परत ठेवलं, हळूच, बोटं जरा रेंगाळत. “तुला ‘निर्धोक’चा एवढा राग का गं?”

“राग नाही...”

“मग?”

आता. आत्ता सांग. समोर हसरा चेहरा होता. सांगितल्यावर तो कसा होईल, हे तिला दिसत होतं... आधी गोंधळलेला, मग बंद. आणि मागे शेड होती, बाबा होते, त्यांचे पांढरे होत चाललेले केस होते.

“काही नाही,” ती म्हणाली. “रंगच आवडत नाही मला काळा.”

तो खळखळून हसला. आणि मग म्हणाला, “अरेरे. मी तर वर्गासाठी सगळी काळीच मागवलीत. माझ्यासारखीच. प्रत्येकीला एकेक. कुणी ओढणी गुंडाळून येतं, कुणी नवऱ्याचं ढगळं हेल्मेट घालून. मी म्हटलं, माझ्या वर्गात कुणाच्या डोक्याला धक्का लागता कामा नये. उद्या येतील.”

घारूने मनातल्या मनात वर्गातली डोकी मोजली, आत्याचं धरून.

*

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. खरोखरचा भरला, की अंगाने तिला मैदानावर न जायला सबब दिली, कोण जाणे. आत्या एकटीच गेली.

संध्याकाळी बाबा जेवायला बसायच्या तयारीत होते. दार ढकलून आत्या आत आली, हेल्मेट न काढताच. काच खाली, छाती पुढे, चालणं एखाद्या सेनापतीचं.

“ओळखा पाहू मी कोण!”

घारू उशीवरून उठून बसली. बाबांच्या हातातलं पाण्याचं भांडं हवेतच थांबलं.

“कुठून आणलंस ते?”

“मास्तरांनी दिलं. सगळ्यांनाच दिलं. भारीतलं आहे, कंपनीचं. उद्या आम्हाला मोठ्या रस्त्यावर नेणार आहेत, ओळीने. मी सर्वांत पुढे!”

बाबा उठले. त्यांनी आत्याच्या हनुवटीखाली हात घातला आणि पट्टा सोडवायला लागले. दोनदा खटका दाबला. पट्टा सुटेना.

“अरे, काय करतोस? केस ओढले जातायत!”

“हे घालायचं नाही तू.”

“का?”

“नाही म्हणालो ना! घारूचं घाल. उद्यापासून घारूचंच घालायचं.”

शेवटी पट्टा सुटला. आत्याने हेल्मेट डोळ्यांजवळ धरलं. चष्मा नव्हता, म्हणून अक्षरं एकेक करून वाचली. “नि... धो... क. अरे! हे तर आपलंच की! मग एवढा घाबरलास कशाला? तूच म्हणतोस ना, भेद काही नाही म्हणून?”

बाबा खाली बसले. ताटाकडे पाहात राहिले.

“बाबा,” घारूचा आवाज तिलाच परका वाटला. “मला खरं दिलंत. आत्याला खरं देताय. बाकीच्यांची डोकी काय...”

“मशीन थांबलं तर खायचं काय, पिल्ला?”

“बादल्या करू परत.”

“कोण घेणार बादल्या?”

“नाही माहीत मला. पण बादली फुटली तर नुसतं पाणी सांडतं, बाबा.”

आत्याने हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि ती भावाशेजारी बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवून, लहानपणी ठेवत असेल तसा.

*

सकाळी ताप उतरला नव्हता, तरी घारू मैदानावर लवकर गेली. मास्तर सुळके मांडत होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला.

“अगं, ताप होता ना? हे बघ, तुझ्यासाठी मेसेज लिहीतच होतो की—”

“आज त्यांना रस्त्यावर नेऊ नकोस.”

“का?”

“ती हेल्मेटं खरी नाहीत. तुझंही नाही. ताईला दुकानदाराने फसवलं... म्हणजे दुकानदारानेही नाही. आम्ही.” तिने श्वास घेतला. “आमच्या शेडमध्ये होतात ती. नाव मी लिहिते. नीट बघ, रफार नाहीये. ती रेघ आहे.”

त्याने हेल्मेट फिरवून नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. अंगठ्याने आतलं अस्तर मागे सारलं, थर्माकोल दाबलं. खळगा पडला.

“तुला केव्हापासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“पार्किंगमध्ये? माझ्या हातात दिलंस... तेव्हा?”

“हो.”

तो सुळक्याशेजारी उकिडवा बसला. घारूला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“गुडघेदुखीवाल्या मावशी आहेत माझ्या वर्गात,” तो सावकाश म्हणाला. “त्यांच्या मुलाने मला सांगितलंय, मास्तर, आईला सांभाळा. मी म्हटलं, काळजी नको, डोक्यावर ‘निर्धोक’ आहे.” मग तो म्हणाला, “तू रोज विचारायचीस, पोहोचलास का. मला वाटायचं...”

“ते पण खरं होतं.”

“कोणतं?”

हेल्मेटबद्दल घारू बोलली, पण हे... हे आत्ता बोललं, तर लाच दिल्यासारखं होईल असं तिला वाटलं.

“आज वर्ग नाही,” तो उठून म्हणाला. “मी फोन करून सांगतो सगळ्यांना.”

त्याने हेल्मेट हँडलला अडकवलं आणि स्कूटर सुरू न करता हाताने ढकलत निघाला. मोठ्या रस्त्याच्या कडेकडेने, ट्रकांच्या धुळीत, पायी. घारू तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली. आज तरी त्याच्या डोक्याची भीती नव्हती.

*

मेसेज येणं थांबलं.

दोन दिवसांनी सकाळी घारूला जाग आली ती शांततेने. शेडमधून आवाज नव्हता. ती धावत गेली. बाबा मशीनपाशी स्टुलावर बसले होते, साचा काढून खाली ठेवलेला.

“व्यापाऱ्याला नाही म्हणालो,” ते म्हणाले. “तो म्हणतो, दुसरा कुणीतरी करेल. करेल बहुतेक.” मग साचा पायाने बाजूला सारत, “दुकानांतला माल परत आणायला हवा. मला तोंड दाखवायला लाज वाटते... तू येशील माझ्याबरोबर?”

पहिली दुकानं त्यांनी दोघांनी केली. बाबा दाराबाहेर घुटमळायचे, मग घारू आत जायची, मग तेही. दुकानदार हसायचे. “माल परत द्या म्हणणारी पार्टी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय!” कुणी दिला, कुणी हुज्जत घातली, एकाने चक्क बाहेर काढलं. घारूने मोठ्या कागदावर, आपल्या सर्वांत सुरेख अक्षरात लिहून प्रत्येक दुकानात चिकटवलं: ‘निधोक हेल्मेट कच्चं आहे. घालू नका. इथे परत करा.’ तिच्या अक्षराकडे आजवर कुणी एवढं थांबून पाहिलं नव्हतं. मग बाबांना बादल्यांचं थोडं काम मिळालं, एका नर्सरीच्या कुंड्यांचंही, आणि लांबची दुकानं घारूवर आली.

ती स्कूटरवर पोती बांधून हिंडायची. आणि प्रत्येक सिग्नलला, कुणी काळं हेल्मेट घालून शेजारी थांबलं, की आधी नावाकडे बघायची आणि मग चेहऱ्याकडे. तो नसायचा.

एका दुपारी गावाबाहेरच्या दुकानापुढे ती पोत्याशी झटत होती. एक बाजू वर घेतली की दुसरी सुटायची. मागे गाडीचं दार वाजलं.

“उजवीकडे झुकतेय गाडी,” ओळखीचा आवाज आला. “मास्तर म्हणून बघवत नाही मला.”

वर्गाच्या स्कूटर ने-आण करायचा छोटा टेम्पो उभा होता. त्याने तिच्या हातातून पोतं घेतलं आणि मागे टाकलं. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली.

“तू इथे कसा?”

“तुझ्या आत्या माझ्या घरी येऊन गेल्या. स्कूटरवर. एकट्या.” त्याच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. “फाटकाला धडकल्या, पण आल्या. म्हणाल्या, आमची मुलगी चुकली ते चुकली, पण तिला एकटीला ओझी उचलायला लावणारा तू कसला मास्तर?”

“तू... चिडला आहेस अजून?”

“आहे.”

“खूप?”

“स्कूटर टेम्पोत चढव,” तो म्हणाला. “अजून किती दुकानं राहिलीत ते सांग.”

उरलेला दिवस ते हिंडले. तो दुकानदारांशी बोलायचा, ती पोती भरायची. गाडीत तिने पाण्याची बाटली पुढे केली, त्याने घेतली. तिच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्याने तिच्या बाजूची उन्हाची झडप खाली ओढली, तिने डोळ्यांवरचा हात काढला. घारूला वाटत होतं, दुकानं संपू नयेत. संपली की हा जाईल.

शेवटचं दुकान झालं. परतीच्या वाटेवर रेल्वेचं फाटक पडलं. मालगाडी आली, लांबलचक, सावकाश. त्याने इंजिन बंद केलं. मागे गाड्यांची रांग लागली.

“मी सगळ्यांना सांगतो, घाबरू नका, लांब बघा,” तो समोर बघत म्हणाला. “आणि इतके दिवस मी फोन हातात घेऊन बसायचो. तुझं नाव काढायचो आणि परत ठेवून द्यायचो.”

“का?”

“भीती वाटायची.”

“तुला?”

“मला.” त्याने बंद गाडीचा गिअर उगीच हलवला. “राग होता, तो आहे. तो जाईल हळूहळू. पण दुसरंच काहीतरी डोक्यात बसलं. वाटलं... ही माझी एवढी काळजी करायची, ती त्या हेल्मेटपायी. अपराधी वाटत होतं म्हणून. आता मी नवं घेतलं, खरं. मग हिची काळजी संपली असेल... तर मी काय करायचं?”

मालगाडीचे डबे जात होते. एकामागून एक, तपकिरी, सारखे.

घारूने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. “तू नवं घेतलंस ते मला आत्याने सांगितलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले. म्हटलं, चला, सुटले.” ती थांबली. “मग दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली. आणि मी खिडकीत. हातात लाटणं तसंच. आता तर काही कारणही नव्हतं रे... तरी उभी होते.”

तो वळला. पूर्ण वळला, तिच्याकडे.

“आज डोळे मिटू नकोस,” तो म्हणाला.

तिने मिटले नाहीत.

“लग्न करशील माझ्याशी?”

त्याच क्षणी शेवटचा डबा गेला, घंटी वाजली आणि फाटक वर उचललं गेलं. मागून हॉर्न सुरू झाले. एक, दोन, मग सगळेच.

“गाडी काढ,” घारू म्हणाली.

“आधी उत्तर.”

“अरे, लोक शिव्या देतायत!”

“देऊ देत.”

“हो,” ती म्हणाली.

“काय? ऐकू नाही आलं!”

“हो म्हटलं!”

“या हॉर्नमध्ये काही...”

“हो! हो! करीन!” घारू बेंबीच्या देठापासून ओरडली.

टेम्पोच्या खिडकीला खेटून एक दुधाच्या कॅनवाला मोटरसायकलीवर थांबला होता. त्याने हॉर्नवरचा हात काढला, आत डोकावून दोघांकडे पाहिलं, आणि मागच्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“हो म्हणाली हो ती, दादा! आता तरी गाडी काढा!”